घंट्या मोज, उचलू नको

कंजूष माणसाची गोष्ट सांगतो म्हटलं की तुम्ही लगेच सावरून बसणार. चहात पडलेली माशी पिळून घेणारा, काडेपेटीतली काडी उभी चिरणारा, पाहुणा दिसला की झोपेचं सोंग घेणारा कुणीतरी येणार, असं तुम्हाला वाटणार. शेवटी तो मरणार आणि गादीत नोटा सापडणार. तर आधीच सांगून ठेवतो, यातलं काहीही होणार नाही. आमचे शांतवनकाका ठणठणीत आहेत, आणि त्यांच्या गादीत नोटा सोडा, कापूससुद्धा जेमतेम आहे.

त्यांच्या फ्रिजमध्ये मात्र स्वेटर असतात. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

मी पाचोऱ्याहून नोएडाला आलो तो डिसेंबरात. तेव्हा नोएडात रोज एक कंपनी उघडायची आणि रोज एक बिल्डिंग उभी राहायची, आणि दोन्हींच्या मधे आमच्यासारखी पोरं बॅगा घेऊन खोली शोधत फिरायची. कुणीतरी सांगितलं, अमुक सेक्टरात उजगरे म्हणून एक मराठी कुटुंब आहे, मूळचं नगरकडचं, त्यांची बरसाती, म्हणजे गच्चीवरची खोली, रिकामी आहे. मी दात वाजवत दारात उभा राहिलो. रत्नाकाकूंनी दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अरे बाळा, किती कुडकुडतोयस! थांब, फ्रिजमधून स्वेटर देते."

मला वाटलं थंडीने माझे कान गेले. पण काकूंनी खरंच फ्रिज उघडला. आत दिवा नाही, गारवा नाही. वरच्या कप्प्यात मफलर, मधल्या कप्प्यात स्वेटर, भाजीच्या ट्रेमध्ये पायमोजे. आणि भाजी? ती बाल्कनीत, जाळीच्या टोपलीत, कडकडून गारठलेली.

आतून खोकला आला. हा खोकला नीट ऐका, पुढे कामाला येणार आहे. तो दोन टप्प्यांत असतो. आधी एक लांब "ख्ख्ख", मग जरा थांबून एक आखूड "हॅक". त्यानंतर "हां", आणि त्यानंतर "आता बघ". एवढं झाल्याशिवाय शांतवनकाकांचं वाक्य सुरूच होत नाही.

"हां. आता बघ. देवबापाने बाहेर एवढा मोठा फ्रिज फुकट लावून दिलाय. मग आतला कशाला चालवायचा? दिवाळीला बंद, होळीला चालू. तोवर कपाट म्हणून वळवला. कुठला तू?"

"पाचोरा."

"बरं पाचोरा, गरम पाणी मिळणार नाही. दुपारी मिळेल."

त्या दिवसापासून माझं नाव पाचोरा पडलं. आईबापांनी बारशाला ठेवलेलं नाव त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. आणि दुपारच्या पाण्याचं म्हणाल तर गच्चीवर काळा रंग फासलेला एक ड्रम होता. दिल्लीच्या थंडीत त्यात उन्हाने दुपारपर्यंत पाणी कोमट व्हायचं. मी आठवड्यातून एकदाच अंघोळ करायला लागलो, रविवारी दुपारी. काका खूश. "पाचोरा साबणही वाचवतो," असं चारचौघांत सांगायचे.

तुम्ही म्हणाल, हा तर चिक्कू माणूस. नाही हो. चिक्कू माणूस देत नाही. काका द्यायचे, फक्त वाया घालवायचे नाहीत. सरकारी ऑफिसातला पगार, त्यातला निम्मा फ्लॅटचा हप्ता खायचा. "अर्धा पगार भिंती खातात, उरलेल्यात आपण," असं ते हसत सांगायचे. त्यांचा शब्द एकच, 'वळव'. तांदूळ धुतलेलं पाणी कुंडीत वळव. जुन्या पँटची पिशवी, पिशवीचं पायपुसणं, पायपुसण्याचा स्कूटर पुसायचा फडका. स्कूटर स्वतः उतारावर इंजिन बंद करून, पेट्रोल वाचवत वळवायचे. एकदा उतार संपला आणि मागे ट्रक होता, तेव्हा काकूंनी मागच्या सीटवरून जी काही जीभ वळवली ती मी इथे लिहू शकत नाही.

वर पुन्हा बायबलाचा आधार. "प्रभूने एवढ्या लोकांना भाकरी वाटल्या, आणि मग उरलेले तुकडे टोपल्यांत गोळा करायला लावले. का रे पाचोरा?"

"का?"

"दुसऱ्या दिवशी फोडणीला!"

एका हिवाळ्यात काकांनी सेक्टरातली मराठी मंडळी गोळा करून मिनीबस काढली, पानिपतला स्वस्त पांघरुणं घ्यायला. तिथे एक्स्पोर्टमधून नापास झालेला माल किलोवर मिळतो. निघताना काका बसमध्ये उभे राहून म्हणाले, "हां. आता बघा. मागच्या वेळी मराठे इथे हरले, कारण भाव न करता गेले." आम्ही भाव केला. चार दुकानदारांना घाम फोडला. काका विजयी मुद्रेने एक भलंमोठं गाठोडं घेऊन आले. घरी येऊन सोडलं तर आत एकही ब्लँकेट नाही, नुसते हात पुसायचे छोटे टॉवेल! काकूंनी कपाळाला हात लावला. काकांनी एक टॉवेल उलटसुलट करून बघितला. मग खोकला. "वळव," म्हणाले. काकूंनी महिनाभर बसून त्यांची गोधडी शिवली. ती मला मिळाली. जगात मी एकटाच असेन, ज्याचं पांघरूण अंघोळीनंतर अंगही पुसायचं.

घरात केबल नव्हती. सगळ्या सेक्टरात डिशच्या छत्र्या उगवल्या होत्या, खालच्या मजल्यावरच्या चढ्ढांच्या घरात तर चाळीस चॅनल. काकांनी मला विचारलं, "पाचोरा, तुला काय काय करता येतं?" मी म्हटलं, नकला. शाळेत हेडमास्तरांची केली होती, दुपारभर ओणवा होतो. काकांनी तिथल्या तिथे व्यवहार ठरवला. रात्री जेवणानंतर मी अर्धा तास करमणूक करायची आणि त्या बदल्यात माझं विजेचं बिल माफ. मग मी बातम्या देणारी बाई करायचो, चार्टर्ड बसचा कंडक्टर करायचो, चढ्ढाआंटी करायचो: "हाय रब्बा, अंकलजी, टंकी भर गयी जी!" काकू हसून हसून पदर तोंडात कोंबायच्या. शेवटी आग्रहाने म्हणायच्या, "आता ह्यांची कर." मी काकांची करायचो. काका पेपर तोंडापुढे धरायचे. पण पेपर हलायचा.

आता मुख्य भानगडीवर येतो. टेलिफोन.

काकांचा फोन बरीच वर्षं नंबर लावून मिळालेला. काकूंनी विणलेल्या जाळीच्या झाकणाखाली, स्टुलावर, देव्हाऱ्यात ठेवावा तसा ठेवलेला. तेव्हा मोबाइल म्हणजे विटेएवढा, आणि आलेला फोन घेतला तरी पैसे. काका त्याला 'दोन्हीकडून कापणारी तलवार' म्हणायचे. साध्या फोनलाही पैसे पडतात, पण कधी? समोरच्याने उचलला तर! न उचललेला फोन फुकट. या एका शोधावर काकांनी सगळा संसार उभा केला होता.

एक घंटी वाजवून ठेवली, म्हणजे सुखरूप पोचलो. दोन म्हणजे येताना दूध आण. तीन म्हणजे पाहुणे येतायत, कणीक वाढव. चारच्या पुढे वाजत राहिली तर खरंच काहीतरी झालंय, उचला. ऑफिसात काकांच्या टेबलावरचा फोन वाजला तर कुणी हात लावायचं नाही, नुसतं मोजायचं. शेजारच्या टेबलावरचे शर्माजी मोजून चिठ्ठी ठेवायचे: 'उजगरे साब, दूध.'

हळूहळू सेक्टरातल्या सगळ्या मराठी घरांनी ही पद्धत उचलली. फोन मात्र कुणीच उचलेना.

घोटाळे व्हायचे. एकदा काकूंनी काकांना दोन घंट्या दिल्या. मग वाटलं, हे निघाले असतील, म्हणून माझ्या कंपनीतल्या फोनवरही दिल्या. मग वाटलं, पाचोऱ्याचा काय भरवसा, म्हणून स्वतःच दुधाच्या बूथवर गेल्या. संध्याकाळी घरात तीन जण आणि तिघांच्या हातात दुधाची भांडी. काका म्हणाले, "वळव." रात्री बासुंदी झाली, चढ्ढांचं अख्खं कुटुंब जेवायला आलं. काकू गॅस संपला म्हणून कुरकुरल्या. काका म्हणाले, "गॅस गेला, पण शेजार आला की नाही?"

पण रविवारची संध्याकाळ वेगळी. त्या वेळेला काकांनी सगळ्यांना घंटीबंदी केली होती. कारण त्या वेळेची घंटी करुणाची.

करुणा म्हणजे काका-काकूंची एकुलती एक लेक. मिरजेला एका दवाखान्यात नर्स होती. मी तिला फोटोतच बघितलेलं. सुट्टी मिळायची नाही, मिळाली तर रिझर्व्हेशन मिळायचं नाही, मागचे दोन नाताळ तिच्याविना गेले होते. ती दर रविवारी संध्याकाळी तिथल्या एसटीडी बूथवरून एक घंटी द्यायची. एकच. म्हणजे मी बरी आहे.

त्या एका घंटीसाठी काका काय करायचे माहितीये? इस्त्रीचा शर्ट घालायचे. भांग पाडायचे. स्टुलासमोर खुर्ची ओढून, हात मांडीवर ठेवून बसायचे. मला वाटायचं, कुणी चुकून फोन उचलू नये म्हणून हा पहारा. घंटी वाजायची, थांबायची. काका त्या फोनकडे आणखी थोडा वेळ बघत राहायचे. मग खोकला, दोन्ही टप्पे. "हां. झालं बोलणं," म्हणायचे आणि शर्ट काढून घडी करून ठेवायचे.

मी चेष्टा करायचो, "काय म्हणाली करुणा?"

"बरी आहे म्हणाली."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मीही तेच म्हणालो," काका म्हणायचे.

नाताळ जवळ आला. करुणाने पत्राने कळवलं होतं, सुट्टी मागितलीये, रविवारी कळेल. नेहमीची एक घंटी वाजली तर नाही मिळाली. दोन वाजल्या तर मिळाली, येतेय.

तो रविवार आला. काकू आत करंज्या तळत होत्या. दोन करंज्या करपल्या, हे त्या घरात पहिल्यांदा झालं. काका शर्ट घालून, भांग पाडून तासभर आधीच बसलेले. मी उगाच दाराशी.

आणि नेमकं त्याच वेळी चढ्ढाआंटींचा खरा आवाज आला, "अंकलजी! पानी आ गया!"

आमच्या सेक्टरात पाणी म्हणजे जावई. केव्हाही येणार, थोडाच वेळ थांबणार. मोटर लावून गच्चीवर उभं राहायला हवं, नाहीतर टाकी एकतर भरत नाही, नाहीतर वाहते. वाहती टाकी म्हणजे काकांच्या लेखी महापाप. ते उठले, बसले, परत उठले.

"पाचोरा, इथे बस. घंट्या मोज. हात लावायचा नाही! नुसतं मोज, उचलू नको. समजलं?"

"बिल्कुल," मी म्हटलं.

काका वर गेले. मोटर सुरू झाली. आणि फोन वाजला.

आता माझी बाजू ऐका. पाचोऱ्याला आमच्या गल्लीत एकच फोन, किराणावाल्या शेठकडे. तो वाजला की सगळी पोरं धावायची आणि जो पहिला उचलेल त्याला शेठ लिमलेटची गोळी द्यायचा. हे अंगात भिनलेलं. पहिली घंटी पुरती वाजायच्या आत माझा हात गेला. उचलल्यावर कळलं की काय करून बसलोय. ती एकच होती, की दुसरी होणार होती? आता कसं कळणार? मीच गळा दाबला होता तिचा.

पलीकडे नुसती खरखर. मग एका मुलीचा घाबरलेला आवाज, "हॅलो? रॉंग नंबर लागला का? आमच्याकडे कुणी उचलत नाही."

मी कोण म्हणून सांगू? गच्चीवरचा पाचोरा? घाबरलं की माझ्या तोंडून नक्कलच निघते. मी खोकलो. "हां. आता बघ. मीच."

"बाबा?" ती जवळजवळ ओरडली. "उचललात? काय झालं? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. करंज्या तळतेय. दोन करपल्या."

"मग उचललात का?"

काका काय म्हणाले असते? मी म्हटलं, "आज... आज बोलणं स्वस्त आहे."

ती हसली. आणि हसता हसता तिचा आवाज फुटला. "बाबा, मीटर पळतोय."

"पळू दे. पळून जाईल कुठे? बूथच्या बाहेर तर जात नाही."

"हा बूथवाला मला वेडी समजतो, माहितीये? दर रविवारी येते, नंबर लावते, एक घंटी देते आणि पैसे न देता जाते. मी त्याला सांगितलं, तिकडे माझे बाबा फोनसमोर बसलेले असतात. तो म्हणाला, मग उचलत का नाहीत? काय सांगू बाबा त्याला?"

इथे माझी नक्कल संपली. आवाज माझ्याकडे होता, पण उत्तर काकांकडे होतं.

मी मान वळवली तर काका दारात. बाह्या कोपरापर्यंत ओल्या. घंटी एकदाच वाजून अर्धवट तुटलेली ऐकून ते खाली धावले होते, आणि खाली येऊन त्यांनी काय ऐकलं, तर स्वतःचाच आवाज. मी मुकाट्याने रिसीव्हर पुढे केला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला.

"हां," म्हणाले. पुढे काही नाही. ओठ हलले, शब्द नाही. पलीकडून "हॅलो, हॅलो, बाबा?" चाललेलं. एरवी भाकरीच्या तुकड्यावर तासभर बोलणारा माणूस!

काकू पिठाच्या हातांनी बाहेर आल्या होत्या. माझ्या कानाशी कुजबुजल्या, "हे असं होतं बघ. ती मिरजेला गेली तेव्हा पहिल्या रविवारी फोन आला. हां म्हणाले आणि घसाच बंद. तिकडे पोरगी हॅलो हॅलो करतेय. पुढल्या रविवारी तेच. मग हे घंट्यांचं शास्त्र काढलं. पैसे वाचतात म्हणे!"

काकांनी माझ्याकडे बघितलं. आणि रिसीव्हर आमच्या दोघांच्या मधे धरून मला भुवईने खूण केली. तू बोल. मी त्यांच्या आवाजात म्हटलं, "हां. आता बघ. सुट्टीचं काय झालं?"

"दोन द्यायच्या होत्या बाबा!" ती म्हणाली. "दुसरी वाजायच्या आतच तुम्ही उचललात!"

"येतेयस?" हे मी नाही विचारलं. हे काकांनीच विचारलं. आवाज माझ्या नकलेपेक्षा फारच वाईट होता, चिरका, भिजलेला. "केव्हा निघतेस? कुठल्या गाडीने? डब्यात खिडकी लावून बस. रात्री वारं लागतं. जेवलीस का?"

"बाबा, तुमचा आवाज मघाशी तरुण वाटत होता."

"सर्दी झालीये," काका म्हणाले, आणि बाहीने डोळे पुसले.

तेवढ्यात जिन्यावरून पाण्याचा आवाज. वर मोटर तशीच चालू. टाकी भरून वाहत होती, पाणी पायऱ्या उतरत चढ्ढांच्या दारापर्यंत गेलं होतं. चढ्ढाआंटी खालून ओरडत होत्या, "हाय रब्बा, अंकलजी! टंकी!"

काकांनी फोनवर हात ठेवला, दाराकडे तोंड केलं आणि अख्ख्या सेक्टराला ऐकू जाईल असं ओरडले, "बहने दो जी! बहने दो!"

आणि परत फोनवर, "हां, बोल करुणा. तू बोल."

मीच वर जाऊन मोटर बंद केली. खाली आलो तेव्हाही बोलणं चालूच होतं. काकूही बोलल्या, मग काका परत बोलले, मग दोघं एकदम बोलले. शेवटी तिकडे बूथवाला बंद करायची घाई करायला लागला म्हणून फोन ठेवला. त्या भल्या माणसाने आज पहिल्यांदा बिल झालं म्हणून सुट्ट्या पैशांच्या जागी तिला चॉकलेट दिलं म्हणे.

काकांनी रिसीव्हर जागेवर ठेवला. जाळीचं झाकण नीट केलं. कंगवा काढून भांग पुन्हा पाडला. मग माझ्याकडे वळले आणि खोकले. दोन्ही टप्पे, पूर्ण.

"हां. आता बघ. कुणाला विचारून उचललास? नुसतं मोज म्हणून सांगितलं होतं ना? एक ते दोन मोजता येत नाही, आणि कंपनीत कॉम्प्युटर चालवतो! 'आज बोलणं स्वस्त आहे' म्हणे. मी बोलतो का असं? टाकी वाहिली ती वाहिली, चढ्ढांचा जिना कोण पुसणार? तू पुसणार. स्कूटरचा फडका घेऊन जा. आणि माझा आवाज काढायचाच होता तर खोकला तरी पुरता काढायचास. एकाच टप्प्यात उरकलास! नको तिथे काटकसर!"

"काका, घाईत..."

"गप! आणि उभा काय राहिलास? आधी फ्रिजमधले स्वेटर बाहेर काढ. भर थंडीत बर्फाचं पाणी प्यायची खोड आहे तिला, लहानपणापासून."

"पण काका, बाहेर देवबापाने एवढा मोठा फुकट..."

"देवबापाला मधे आणू नकोस, पाचोरा! प्लग लाव!"